माणसे तेवढीच आहेत, मग विहीर का आटली?

प्रश्न – काटोलचा बागाईतदार

नमस्कार. काटोल तालुक्यात आमची साडेचार एकर संत्र्याची बाग आहे. मी नोकरीमुळे नागपुरात राहतो आणि दर शनिवारी गावी जातो. वडिलांच्या काळात आमच्या विहिरीला बारमाही पाणी असे. आता होळीनंतर सकाळी जेमतेम दीड तास मोटार चालते आणि पाइपच्या तळाचा फुटव्हॉल्व्ह पाण्याबाहेर उघडा पडतो. गेल्या पाच वर्षांत तीन बोअर केले. दोन कोरडे गेले, तिसऱ्याला ३५० फुटांवर एक इंच पाणी लागले.

गावच्या शाळेने मला जगाच्या पर्यावरणावर मुलांशी बोलायला बोलावले आहे. तयारी करताना जिथे तिथे एकच विधान वाचायला मिळते, की लोकसंख्या वाढल्यामुळे नैसर्गिक साधनांवर ताण आला. आमच्या गावाची लोकसंख्या मात्र फारशी वाढलेली नाही. उलट तरुण मुले नागपूर-पुण्याला निघून गेली. मग पाणी का आटले, असे एखाद्या मुलाने विचारले तर मी काय सांगावे?

उत्तर १ – धरमपेठ वाचक

लोकसंख्येचा मुद्दा इतक्या सहज बाजूला ठेवू नये. १९५० मध्ये जगात सुमारे २५० कोटी माणसे होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती ८०० कोटी झाली. आपली संत्री गावातली माणसे खात नाहीत, ती ट्रकने बाहेर जातात. गावाबाहेर वाढलेली माणसेच आपल्या विहिरीचे पाणी पीत आहेत, असे मुलांना सांगता येईल.

उत्तर २ – अर्थशास्त्राची विद्यार्थिनी

संत्र्यांबरोबर पाणी बाहेर जाते, हे वरचे म्हणणे मला पूर्ण पटते; परंतु केवळ डोकी मोजून हिशेब जुळत नाही. १९७० पासून जगाची लोकसंख्या सुमारे दुप्पट झाली, आणि त्याच काळात वाळू, खडी, कोळसा, तेल, धातू, धान्य, लाकूड असा निसर्गातून दरवर्षी काढला जाणारा माल सुमारे ३,००० कोटी टनांवरून १०,००० कोटी टनांच्या पुढे गेला. म्हणजे माणसामागे होणारी ओढही वाढली, आणि तीही सर्वत्र सारखी नाही: श्रीमंत देशातला माणूस गरीब देशातल्या माणसाच्या सुमारे सहापट माल वापरतो. आपल्या राज्याचे पाहिले तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुले, १.७ होता, आणि लोकसंख्या पिढ्यान्‌पिढ्या तेवढीच राहण्यासाठी तो साधारण २.१ लागतो. पाळणा लांबला, तरी उपसा चालूच आहे.

उत्तर ३ – भूगर्भशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका

भाऊ, आधी आपल्या पायाखालचा खडक पाहू या, कारण मुलांना तो हातात घेऊन दाखवता येतो. काटोल-नरखेडचा भाग लाव्हाच्या थरांवर, म्हणजे काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि भेगांमध्ये. अखंड पाषाणात जवळजवळ नाहीच. मुरमाच्या एकूण आकारमानापैकी उपसता येण्याजोगे पाणी मोजायला सोपे म्हणून दोन टक्के धरा. मग बागेला १०० मिलिमीटर पाणी दिले, की तेवढ्याच क्षेत्राखालची पातळी ५ मीटर उतरते. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा, धरणाऱ्या बागेला फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत किती ओलित लागते, ते आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. आपल्या विहिरीत पूर्वी पाणी अधिक होते असे नाही. त्या मुरमाला तोंडे, म्हणजे विहिरी आणि बोअर, कमी होती. मोट होती तेव्हा बैल थकले की उपसा थांबत असे.

खोल बोअरला लागणारे पाणी बहुधा दोन थरांमधल्या फटीतले असते आणि ते फार सावकाश भरते. भारत जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश आहे, आणि तो उपसा अशाच असंख्य लहान विहिरी-बोअरमधून होतो.

पाऊसही आता वेगळ्या तऱ्हेने पडतो. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते, त्यामुळे मुसळधार सरी अधिक जोरकस होतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि घराघरांत चिखल शिरला. तसे पाणी मुरत नाही, वाहून जाते. आपल्या नाल्यालाही हेच लागू आहे.

उत्तर ४ – कोराडी रोड

विजेचा भागही मुलांना सांगावा. तेवढेच पाणी २० मीटरऐवजी १०० मीटरवरून वर आणायचे तर ढोबळमानाने पाचपट वीज लागते, आणि कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नागपूरच्या भांडेवाडीला शुद्ध केलेले शहराचे सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते, ही मात्र नागपूरने केलेली खरोखर चांगली गोष्ट आहे. तेवढे धरणाचे पाणी वाचते.

ठिबक बसवले म्हणजे प्रश्न सुटला, असे कृपया सांगू नका. माझ्या मामांनी ठिबक बसवले, पाणी उरले, आणि त्या उरलेल्या पाण्यावर त्यांनी आणखी दोन एकर बाग लावली. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच दाखवले होते: वाफेचे इंजिन काटकसरी झाल्याने कोळशाचा एकूण खप वाढतो. काटकसरीबरोबर क्षेत्राची मर्यादाही ठरवावी लागते.

पुन्हा काटोलचा बागाईतदार

सर्वांचे मनापासून आभार. बाईंचा ५ मीटरचा हिशेब वाचून मी काल गावी जाऊन दोरीला दगड बांधून विहीर मोजली. काठापासून पाण्यापर्यंत ४३ फूट दोरी गेली. आमच्या विहिरीभोवती हाकेच्या अंतरावर अकरा बोअर आहेत, हेही काल प्रथमच मोजले. त्यांतले तीन आमचेच आहेत. शाळेत मी याच दोरीपासून सुरुवात करीन आणि मुलांना दर महिन्याला मोजायला लावीन. चौथा बोअर घ्यायचा विचार सोडला आहे. निम्म्या बागेचा आंबिया सोडून तिथे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा मृग बहार धरावा, असे मनात आहे. धाकट्या भावाशी अजून बोलायचे आहे, कारण बागेचा खर्च तोच सांभाळतो.