दुसऱ्या मुलाचा निर्णय कसा घ्यावा? मदत हवी आहे

आर्द्रा : वय ३४, मुलगी अडीच वर्षांची. पहिलं बाळंतपण सिझेरियन, गरोदरपणात शुगर वाढली होती. दोघांचीही नोकरी. नवरा ठाम नाही म्हणत नाही, पण विषय निघाला की 'बघू' म्हणतो. तीन प्रश्न आहेत. अजून किती थांबता येईल? आधी कोणत्या तपासण्या कराव्यात? एकुलत्या एक मुलाचं खरंच नुकसान होतं का?

शाल्मली : आर्द्राताई, आधी अंतराचं सांगते. बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेसाठी किमान २४ महिने थांबावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तेवढे तुमचे झालेत. पहिल्या ऑपरेशनचे कागद मात्र आजच शोधा. गर्भाशयावरचा छेद आडवा होता की उभा, हे त्यात लिहिलेलं असतं. पोटावरच्या व्रणावरून ते कळत नाही. उभा असेल तर कळांमध्ये टाका उसवण्याचा धोका जास्त, त्यामुळे पुन्हा सिझेरियनच करतात. दिवस राहिले की ६-७ आठवड्यांना सोनोग्राफी करून गर्भ जुन्या टाक्यात रुजलेला नाही ना, हे बघून घ्या.

शुगरकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन चाचणी करायची असते आणि बाळाच्या गडबडीत ती अनेकींची राहून जाते. राहिली असेल तर आता करा, सोबत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी). कारण बाळाचे अवयव पहिल्या आठ आठवड्यांत घडतात. त्या वेळी शुगर वाढलेली असेल तर व्यंगाचा धोका वाढतो, आणि सहाव्या महिन्यातल्या चाचणीत ते कळून उपयोग नसतो.

बाकी रक्ततपासण्या म्हणजे हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि रुबेलाची (जर्मन गोवराची) अँटिबॉडी. रुबेलाची लस घ्यावी लागली तर त्यानंतर महिनाभर गर्भधारणा टाळायची. फोलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, प्रयत्नांच्या निदान महिनाभर आधीपासून. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८व्या दिवसापर्यंत बंद होते, तोवर कित्येकींना दिवस राहिल्याचा पत्ताही नसतो. मधुमेह निघाला तर डोस बराच जास्त लागतो, तो डॉक्टरच ठरवतील.

एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं रक्तातलं संप्रेरक) कमी आलं म्हणून घाबरून निर्णय घेऊ नका. बीजं साधारण किती उरलीत एवढंच ते सांगतं. नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही, ते सांगत नाही. पण पस्तिशीनंतर ६ महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरांकडे जा, वर्षभर थांबू नका. पहिल्या वेळी सहज राहिले होते, यावर विसंबू नका.

आर्द्रा : खूप आभार, चाचणी राहिलेलीच आहे. 'बघू'चं काय करू?

केदार : 'हवं की नको' असं विचारलंत तर 'बघू'च ऐकू येईल. त्याऐवजी दोघांनी मिळून कामाचा एक दिवस तासातासाने कागदावर मांडा. बाळ चार महिन्यांचं आणि मुलगी चार वर्षांची आहे असं धरा. सुरुवातीला बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं, तेही लिहा. सकाळी आठला मुलीला शाळेत पोचवायचंय आणि त्याच वेळी बाळ अंगावर पितंय, अशा जागांवर खूण करा. प्रत्येक खुणेसमोर एका माणसाचं नाव. 'होईल काहीतरी' असं लिहायचं नाही, कारण रिकामी राहिलेली जागा शेवटी आईच्याच वाट्याला येते. अनेक घरांत दुसऱ्या मुलानंतरचा कडवटपणा तिथूनच सुरू होतो.

पैशाची चाचणी सोपी आहे. सांभाळणाऱ्या माणसाचा किंवा पाळणाघराचा वाढीव खर्च तीन महिने खरोखर बाजूला काढून बघा. कपडे-खेळणी पहिलीची चालतात, मोठा खड्डा पडतो तो इथे आणि बिनपगारी रजेत. पहिल्या बाळंतपणानंतर नैराश्य आलं असेल तर ते पुन्हा येण्याची शक्यता जास्त असते. त्याची तजवीज डॉक्टरांशी बोलून आधीच करा.

मृण्मयी : एकुलत्या एक मुलांवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा टोनी फाल्बो आणि डेनिस पोलिट यांनी १९८६ मध्ये घेतला. स्वभाव, मिळून-मिसळून वागणं यांत ही मुलं भावंडं असलेल्यांपेक्षा मागे आढळली नाहीत. शिवाय तुमच्याकडे साडेतीन वर्षांचं अंतर पडेल; पहिली दोन वर्षं बाळ तिच्याबरोबर खेळणारच नाही. 'तिला सोबत' एवढंच कारण असेल तर माझ्या मते ते अपुरं आहे. तुम्हा दोघांना आणखी एक मूल वाढवायचंय का, हे विचारा. एकाला मनापासून नको असेल तर दुसऱ्याने रेटू नये.

आर्द्रा : कागद आज रात्रीच घेऊन बसतो. नवऱ्याच्याही तपासण्या आत्ताच करू का?

शाल्मली : गरज नाही. ६ महिन्यांत दिवस राहिले नाहीत तर वीर्यतपासणी तुमच्या तपासण्यांबरोबरच करा, आधी २ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळून. सिगारेट-तंबाखू असेल तर ती मात्र प्रयत्नांच्या तीन महिने आधी बंद करायला सांगा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात.