पाचवा भाग: रेंगाळतो खरा, पण अंब्रिजबाईंसाठी वाचावा

हॅरी पॉटर मालिका पाचव्या भागात ('ऑर्डर ऑफ द फिनिक्स') घसरली आणि अडतीस प्रकरणांचा तो ठोकळा संपता संपत नाही, हे मत मला अर्धेच पटते. ग्रिमॉल्ड प्लेसमधील, म्हणजे सिरियसच्या जुन्या घरातील, साफसफाई लांबते, हॅग्रिडच्या सावत्र भावाचे उपकथानक गाळले असते तरी फारसे बिघडले नसते, आणि मुख्याध्यापक डंबलडोरांनी हॅरीला आधीच सांगायला हवी होती ती त्याच्याबद्दलची भविष्यवाणी सदतिसाव्या प्रकरणापर्यंत राखून ठेवणे ही लेखिकेची सोय आहे, पात्राची गरज नव्हे.

मात्र जादूच्या मंत्रालयाने शाळेवर लादलेल्या शिक्षिका अंब्रिजबाईंसाठी मी हे सगळे सोसतो. अंगात गुलाबी स्वेटर, भिंतीवरच्या बशांवर मांजरीची पिल्ले, आणि त्याच खोलीत मुलाच्या हातावर त्याच्याच रक्ताने वाक्य कोरणारी लेखणी! मालिकेचा खलनायक व्होल्डेमॉर्टची भीती गोष्टीपुरती राहते. या बाईंची भीती पुस्तक मिटल्यावरही जात नाही, कारण त्यांची खरी भिस्त मंत्रांपेक्षा आदेशांवर आहे. बेळगावात, जिथे पाटीवर कोणत्या भाषेची अक्षरे किती मोठी असावीत हा वर्षानुवर्षांचा वादाचा विषय आहे, तिथल्या वाचकाला शाळेच्या भिंतीवर चढत जाणारे ते क्रमांकित फतवे कल्पनारम्य वाटतच नाहीत. माझी भाची खानापूरच्या बसमध्ये हा भाग वाचत होती, फतव्यांपाशी येऊन ती एवढेच म्हणाली, "मामा, ह्यात जादू कुठं आहे?"

हॅरीचा धर्मपिता सिरियस याचा मृत्यू उरकल्यासारखा आहे, हा आक्षेपही मला मान्य नाही. तो कमानीतल्या गूढ पडद्याआड कोसळतो, मागे देह उरत नाही, निरोपाचे वाक्यही नाही, आणि हॅरीचा आकांत त्या अपुरेपणातूनच येतो.