शेतघराचे वासे काळे, पण धुराडे नाही?

प्रश्न (मंगळवारपेठकर): ससेक्समधील सिंगलटन येथे वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात बे-लीफ नावाचे पंधराव्या शतकातील शेतघर पाहिले. केंटमध्ये धरण होणार म्हणून ते उतरवून येथे पुन्हा उभारले आहे. मधल्या दालनाचे वासे आमच्या कोल्हापुरातील वाड्याच्या स्वयंपाकघरासारखेच काजळलेले आहेत, मात्र धुराडे कोठेच नाही. शिवाय, अशा घरांतील रिकाम्या खाचा जुन्या जहाजांच्या लाकडांमुळे असतात, असे मामा सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर १: काजळी हाच त्या घराचा दाखला समजा. मधले दालन छपरापर्यंत उघडे असे, जमिनीवर मधोमध विस्तव पेटे आणि धूर वासे माखत कौलांच्या फटींतून व झरोक्यांतून बाहेर पडे. सोळाव्या शतकात विटांची धुराडी आली, तेव्हा अनेक घरांत त्याच दालनात मजला घातला गेला. त्यामुळे आज अशा घराच्या माळ्यावर चढून काजळलेले वासे दिसले, तर खालची निजण्याची खोली एके काळी उघडे दालन होती, हे कळते.

उत्तर २ (घराणे सुतारांचे): जहाजाची गोष्ट बहुतांशी दंतकथाच आहे. सुतार ओकचे ओले लाकूड वापरीत, कारण ते कापायला मऊ असे. बसवल्यावर ते वाळून वाकडेतिकडे होई, तरी कुसू (लाकडाचे खाचेत बसणारे निमुळते टोक) खाचेत ओक लाकडाच्या खुंटीने जखडलेले राही. रिकामी खाच म्हणजे बहुधा काढून टाकलेली आडभिंत, नाहीतर आधीच्या इमारतीचे लाकूड. चौकट आधी जमिनीवर जुळवून सांध्यांवर रोमन आकडे कोरीत, चाराला सहसा चार रेघा. आमच्या वाड्याचे छप्पर उतरवताना वडिलांनी तुळयांवर खडूने अंक घातले होते. पहिल्याच वळवात ते धुऊन गेले आणि दोन दिवस तुळया जुळवण्यात गेले.

उत्तर ३: तेथील चौकटीतल्या भिंती म्हणजे आपला कुडच: काठ्यांचे विणकाम आणि त्यावर माती, शेण व गवत यांचा लेप. विसाव्या शतकात अशा अनेक भिंतींवर सिमेंट चढवले गेले, पाणी आत कोंडले आणि ओकचे पाट (भिंतीच्या तळाची आडवी लाकडे) कुजले. आमच्या मातीच्या भिंतीलाही एका ठेकेदाराने सिमेंटचा गिलावा केला. तिसऱ्या पावसाळ्यात सागवानी खांबाचा बुंधा बोटाने उकरता येत होता.

मंगळवारपेठकर: आभारी आहे. आमच्या मागील भिंतीला यंदा सिमेंटऐवजी चुनाच लावू.