सापडला तो चोर: अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल आणि पोरांचा बाजार

तिसरा_पंच (धागाकर्ता)

मार्च मॅडनेसच्या, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या मोठ्या स्पर्धेच्या, दिवसांत इथे ब्रॅकेटवर (कोण कुणाला हरवणार याच्या तक्त्यावर) धागे निघतात, पण ही पोरं त्या संघांत येतात कशी यावर कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे शिव्या घालायला सोपं जाईल: अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधला 'भरती घोटाळा' म्हणून जे गाजलं, त्यात नियम मोडणाऱ्यांपेक्षा नियम करणारे जास्त दोषी होते.

२६ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या फेडरल वकिलांनी दहा जणांवर गुन्हे दाखल केल्याचं जाहीर केलं. त्यात चार विद्यापीठांचे असिस्टंट कोच होते: ऑबर्नचे चक पर्सन, ओक्लाहोमा स्टेटचे लमाँट इव्हान्स, ॲरिझोनाचे बुक रिचर्डसन आणि यूएससीचे टोनी ब्लँड. शिवाय आदिदासचे जेम्स गॅटो, त्यांच्याशी संबंधित मर्ल कोड, आणि क्रिश्चन डॉकिन्स नावाचा एक पंचविशीतला होतकरू एजंट. या तिघांवर मुख्य आरोप असा की ब्रायन बोवेन नावाच्या पोराने लुइव्हिल विद्यापीठात खेळावं म्हणून त्याच्या घरच्यांना एक लाख डॉलर द्यायचं ठरलं. लुइव्हिल हे आदिदासचे बूट घालणारं विद्यापीठ, म्हणून आदिदासला रस.

आता या व्यवहारात फसलं कोण? बापाला पैसे हवे होते, कंपनीला पोरगा हवा होता, विद्यापीठाला चांगला खेळाडू हवा होता. सगळे राजी. तरीही सरकारी वकिलांनी सांगितलं की फसलं ते विद्यापीठ, कारण तेव्हाच्या नियमाने असे पैसे घेतले की खेळाडू अपात्र ठरायचा, आणि अशा मुलाला त्याने नकळत स्कॉलरशिप दिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ज्युरीने तिघांना दोषी ठरवलं. गॅटोला नऊ महिने, बाकी दोघांना सहा-सहा महिने. अपिलातही निकाल टिकला.

आणि मग? जून २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात (खेळाडूंना मिळणाऱ्या लाभांवरच्या मर्यादांविरुद्धचा) सर्वोच्च न्यायालयाने ९-० ने एनसीएएला, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम करणाऱ्या संघटनेला, झापलं. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे घ्यायची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये हाऊस खटल्याची तडजोड मंजूर झाली आणि आता विद्यापीठ स्वतः आपल्या खेळाडूंत रक्कम वाटू शकतं, २०२५-२६ साठी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. पोराला पैसे देऊन आणणं हे आज क्रीडा विभागाचं रोजचं काम आहे.

पैसा आधी नव्हता असंही नाही. मार्चमधल्या स्पर्धेच्या टीव्ही हक्कांसाठी २०१० मध्ये १४ वर्षांचे १०८० कोटी डॉलर ठरले, २०१६ मध्ये आणखी आठ वर्षांचे ८८० कोटी. त्यातून कोचचे पगार झाले, स्टेडियमं झाली. घाम गाळणाऱ्याला मात्र फी माफ आणि वसतिगृहाची खोली. एका पोराच्या बापाने हात पसरला तर एफबीआय दारात. चोर सोडून संन्याशाला फाशी.

नाठाळ

पंचसाहेब, संन्याशी कुठला? त्यानेही खाल्लेच ना?

तुम्ही दोन वेगळे खटले एका पातेल्यात शिजवताय. एक गॅटो-कोड-डॉकिन्सचा, म्हणजे बूट कंपनीने कुटुंबाला पैसे देण्याचा. त्याबद्दल तुमचं म्हणणं निम्मं मान्य. दुसरा त्या चार असिस्टंट कोचचा, तो अगदी निराळा आहे. ते कुणाला पैसे देत नव्हते, घेत होते. कशासाठी? आपल्याच संघातल्या पोरांना अमुक गुंतवणूक सल्लागाराकडे, तमुक एजंटाकडे ढकलण्यासाठी. पर्सनने सुमारे ९१,५०० डॉलर घेतले, इव्हान्सने २२ हजार, रिचर्डसनने २० हजार, ब्लँडने ४,१००.

ज्या आईने 'माझ्या लेकराकडे लक्ष ठेवा' म्हणून पोरगं तुमच्या हवाली केलं, त्या आईच्या विश्वासाची ही दलाली आहे. उद्या हा पोरगा एनबीएत गेला तर त्याचे कोट्यवधी डॉलर कोण सांभाळणार, हे कोचच्या खिशातल्या पाकिटावर ठरणार. हे ऑल्स्टननंतरही गुन्हाच आहे, आणि असायलाच हवा. नियम बदलला म्हणून लाच पवित्र होत नाही.

वायफळ

पंचांना +१, नाठाळांनाही +१. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जाता जाता, एनसीएएचं नियमपुस्तक म्हणजे काय चीज होती ते पाहा. एके काळी खेळाडूला अधलंमधलं खाणं म्हणून फळं, सुकामेवा आणि बेगल द्यायला परवानगी होती. पण त्या बेगलला क्रीम चीज लावलं की ते जेवण ठरायचं, आणि फुकट जेवण म्हणजे नियमभंग! २०१४ मध्ये यूकॉनला (कनेक्टिकट विद्यापीठ) अजिंक्यपद मिळवून देणारा शबाझ नेपियर पत्रकारांना म्हणाला की काही रात्री उपाशी झोपावं लागतं. त्याच महिन्यात एनसीएएला साक्षात्कार झाला आणि हवं तितकं खाऊ घालायची मुभा मिळाली.

तिसरा_पंच

नाठाळ, कोचनी पैसे घेतले हे मी नाकारत नाही. पण ते पैसे कुणाचे होते हेही सांगा की! या सगळ्या प्रकरणाचा सरकारी खबऱ्या मार्टी ब्लेझर. पिट्सबर्गचा गुंतवणूक सल्लागार. त्याने स्वतःच्या ग्राहकांचे, ज्यात व्यावसायिक खेळाडू होते, तेवीस लाखांहून जास्त डॉलर परस्पर वळवले होते. पकडला गेल्यावर सरकारला म्हणाला, मी तुम्हाला कॉलेज बास्केटबॉल दाखवतो. मग तो आणि एफबीआयची माणसं पाकिटं घेऊन कोच लोकांकडे गेली. म्हणजे खेळाडूंना खरोखर लुबाडणारा सरकारी साक्षीदार झाला आणि तुरुंगात न जाता सुटला. ज्यांनी पुढे कधीतरी लुबाडणूक होऊ शकेल अशी वाट दाखवली, त्यांतले रिचर्डसन आणि इव्हान्स प्रत्येकी तीन महिने आत.

आणखी एक. ते चारही असिस्टंट कृष्णवर्णीय. एकाही हेड कोचवर फौजदारी गुन्हा नाही. रिचर्डसनवर एनसीएएच्या व्यवस्थेने दहा वर्षांचा शो-कॉज ठोकला, म्हणजे त्याला कामावर घेणाऱ्या कॉलेजने आधी कारण द्यायचं, थोडक्यात दार बंद. त्याचे साहेब शॉन मिलर यांना त्याच चौकशीत काही झालं नाही. ॲरिझोनाने काढलं, पण ते झेवियरला गेले आणि आता टेक्ससला आहेत.

नाठाळ

सापळा सरकारने लावला म्हणून आत हात घालणारा निर्दोष? आपल्याकडे लाचलुचपतवाले पावडर लावलेल्या नोटा देऊनच तलाठ्याला पकडतात. तेव्हा आपण टाळ्या वाजवतो.

हेड कोच सुटले याचा राग मलाही आहे. पण त्यावरचा उपाय त्यांनाही धरणं हा आहे, असिस्टंटला हार घालणं नव्हे.

जुना_पंटर

नव्या मंडळींना सगळं २०१७ पासून सुरू झालं असं वाटतं, म्हणून आजोबांची गोष्ट. १९८८. केंटकी विद्यापीठाच्या ऑफिसातून लॉस एंजेलिसला क्लॉड मिल्स यांच्या नावे एक कुरिअर निघालं. त्यांचा मुलगा ख्रिस केंटकीकडून खेळणार होता. एमरी नावाच्या कुरिअर कंपनीत ते पाकीट वाटेतच उघडलं आणि आतून रोख हजार डॉलर निघाले. पाठवणारा म्हणून नाव असिस्टंट कोच ड्वेन केसी यांचं. केसींनी साफ नाकारलं, कुरिअर कंपनीवर दावा ठोकला, शेवटी तडजोड झाली. तरी पाच वर्षांचा शो-कॉज बसला. ते जपानमध्ये जाऊन कोचिंग करत राहिले, आणि २०१८ मध्ये एनबीएचे सर्वोत्कृष्ट कोच ठरले!

त्या भानगडीत हेड कोच एडी सटन यांनी राजीनामा दिला. केंटकीचं घर स्वच्छ करायला कुणाला आणलं? रिक पिटिनो. हो, तेच, ज्यांना लुइव्हिलने ऑक्टोबर २०१७ मध्ये काढलं. त्यांनी बोवेन प्रकरणातला सहभाग कायम नाकारलाय. लुइव्हिलचं २०१३ चं अजिंक्यपद काढून घेतलं गेलं ते मात्र या प्रकरणात नव्हे. वसतिगृहात भरतीला आलेल्या पोरांसाठी बायका आणल्या होत्या, त्या प्रकरणात. या दोन गोष्टींची लोक नेहमी सरमिसळ करतात. पिटिनो पुढे ग्रीसला जाऊन आले, आयोनाला होते, आता सेंट जॉन्सला आहेत आणि जोरात आहेत.

यूएनएलव्ही विद्यापीठाचे कोच जेरी टार्केनियन यांचा टोमणा प्रसिद्ध आहे: एनसीएए केंटकीवर इतकी चिडली आहे की आता क्लीव्हलँड स्टेटची शिक्षा दोन वर्षांनी वाढवेल. म्हणजे मोठ्या घराला हात लावायची एनसीएएला कायम भीती, मार खातं क्लीव्हलँड स्टेटसारखं छोटं विद्यापीठ. कॅन्ससचंच बघा. आदिदासच्या माणसाने तिथल्या एका खेळाडूच्या आईला ८९ हजार डॉलर दिल्याचं न्यायालयात आलं. निकाल लागला ऑक्टोबर २०२३ मध्ये. २०१८ चे पंधरा विजय कागदावरून पुसले. मधल्या काळात २०२२ चं अजिंक्यपद जिंकून झालं होतं आणि कोच बिल सेल्फ यांचा आजीव करारही.

गोदाकाठ

आपल्याकडे पाच टक्के क्रीडा आरक्षणात बोगस प्रमाणपत्रं चालतात, त्यावर कुणी बोलणार का? की अमेरिकाच दिसते?

वायफळ

अवांतर. वेगळा धागा काढा, तिथे येऊन भांडतो.

ओहायोकर

इथे राहतो, म्हणून जमिनीवरचं सांगतो. हायस्कूलच्या संघापेक्षा उन्हाळ्यातले क्लब संघ मोठे. नायकेची वेगळी साखळी, आदिदासची वेगळी, अंडर आर्मरची वेगळी. सोळा वर्षांच्या पोराचे बूट पाहून लोक अंदाज बांधतात की हा कुठल्या कॉलेजात जाणार. त्यामुळे बूट कंपनीचा पैसा हा काही चार वाईट माणसांचा उद्योग नाही, हे पंचांचं म्हणणं बरोबर.

पण मला त्यांचा 'नियम खोटा होता, म्हणून मोडला तर बिघडलं काय' हा सूर अजिबात पटत नाही. बेलर विद्यापीठ आठवा. २००३ मध्ये तिथला खेळाडू पॅट्रिक डेनेही याचा खून झाला. गुन्हा कबूल केला तो त्याच्याच संघातल्या खेळाडूने. चौकशी सुरू झाली तसा हेड कोच डेव्ह ब्लिस यांना घाम फुटला, कारण डेनेहीची फी ते नियमाबाहेर भरत होते. मग त्यांनी काय करावं? मेलेला मुलगा ड्रग्ज विकायचा, त्यातून फी भरायचा, असं चौकशीत सांगा म्हणून असिस्टंट आणि खेळाडूंना पढवलं. एबार राऊस या असिस्टंटने हे गुपचूप टेप केलं म्हणून जगाला कळलं.

आणि राऊसचं काय झालं? मोठ्या कॉलेजात त्याला पुन्हा कोचची नोकरी मिळाली नाही. साहेबाचं बोलणं टेप केलं म्हणून नामवंत कोच मंडळींनी त्याच्याकडेच बोट दाखवलं. ब्लिस यांना दहा वर्षांचा शो-कॉज लागला, तो संपल्यावर २०१५ मध्ये ओक्लाहोमातल्या एका छोट्या ख्रिस्ती विद्यापीठाने त्यांना हेड कोच नेमलं.

नियम मूर्ख असेल. पण तो लपून मोडायची सवय लागली की लपवणं हाच धंदा होतो, आणि तो फीपुरता थांबत नाही. तुमच्या मांडणीत या लपवण्याची किंमत कुठेच नाही.

तिसरा_पंच

ओहायोकर, बेलरचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. फी भरणं गुन्हा नसता तर ब्लिसला लपवायला काय होतं? दारूबंदीत विषारी दारू पिऊन माणसं मरतात तेव्हा आपण बंदीलाही जाब विचारतो.

शिवाय 'नियम' म्हणून ज्यावर करिअरं संपवली ते किती टिकले पाहा. हेड कोच केल्विन सॅम्प्सन यांना इंडियाना विद्यापीठातून २००८ मध्ये जावं लागलं, पाच वर्षांचा शो-कॉज, कशासाठी? भरतीच्या पोरांना जास्त फोन केले म्हणून. चार वर्षांत एनसीएएने बास्केटबॉलमधली फोन-मेसेजची मर्यादाच काढून टाकली.

नाठाळ

सॅम्प्सन यांना आधीच्या ओक्लाहोमाच्या नोकरीतही तेवढ्यासाठीच शिक्षा झाली होती. बंधनं चालू असताना पुन्हा तेच केलं, आणि चौकशीत खोटी माहिती दिल्याचा ठपकाही एनसीएएने ठेवला. शिक्षा त्या निगरगट्टपणाची होती. बाकीचे कोच घड्याळ बघून फोन ठेवत होते, त्यांनी काय पाप केलं?

आणि पोरांचं बोला ना कुणीतरी. बोवेन लुइव्हिलकडून एकही सामना खेळू शकला नाही, ऑस्ट्रेलियात जाऊन खेळला. कॅन्ससचा सिल्व्हिओ डी सूझा, अंगोलाहून आलेला मुलगा. त्याच्या पालकाने २,५०० डॉलर घेतले म्हणून एनसीएएने त्याला जवळजवळ दोन हंगाम बसवायचं ठरवलं. पुढे अपिलात सुटला, पण एक हंगाम गेलाच. पिटिनो, मिलर, सॅम्प्सन सगळे मात्र परत कोचच्या खुर्चीवर. एलएसयू विद्यापीठाचे कोच विल वेड यांचं भरतीचं बोलणं एफबीआयच्या टेपवर सापडलं, त्यांनाही मॅकनीज आणि मग एनसी स्टेट मिळालं. 'सगळं चालू द्या' म्हणालात तर फायदा याच मंडळींचा होतो.

ओहायोकर

आणि चालू दिल्यावर काय झालं तेही लिहितो. २०२४ पासून अभ्यासात पास असेल तर खेळाडू दर वर्षी कॉलेज बदलू शकतो. दर वसंतात अख्खा बाजार भरतो. एनबीएसाठी एजंटाला खेळाडू संघटनेची मान्यता लागते, कॉलेजच्या पोरांच्या एजंटांना तशी एकसारखी अट नाही. कुणाचा चुलतभाऊ, कुणाचा क्लब कोच, सगळे एजंट. खेळाडूचा सहाशे डॉलरवरचा बाहेरचा (विद्यापीठाशिवाय दुसऱ्या कुणाशी केलेला) करार आता कळवावा लागतो आणि तो बाजारभावाला धरून आहे का हे तपासलं जातं. दोन कोटींच्या वर कमाल मर्यादा घातली, म्हणजे तिच्या पलीकडे टेबलाखालून द्यायची सोय पुन्हा झालीच.

नाठाळ

पंचसाहेब, सरळ उत्तर द्या. उद्या एखाद्या बूट कंपनीने ती सहाशे डॉलरची नोंद टाळून पोराच्या बापाला लाखभर रोख दिले, तर?

तिसरा_पंच

कंपनीला दंड, कॉलेजच्या वाट्यातून दुप्पट कपात, हेड कोच हंगामभर घरी. पोरगा मात्र खेळणार. आणि एफबीआयला दुसरी कामं आहेत.

नाठाळ

हेड कोच घरी? मोठ्या घराला हात लावत नाहीत हे तुम्ही आणि पंटरांनी मिळून आत्ताच सिद्ध केलंत. लावणार कोण?

जुना_पंटर

क्लीव्हलँड स्टेटने सावध राहावं.