लॅप स्टील गिटार: दुर्मिळ कोणत्या आणि पायलीला पन्नास कोणत्या? (अनुभव)

सोनचाफा
काल क्लीव्हलंडजवळ एका घरातल्या जुन्या सामानाची विक्री होती. इस्त्री आणि ख्रिसमसच्या माळांमध्ये एक ओआहू कंपनीची लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी वाजवायची हवाईयन गिटार, पडलेली. सगळ्या अंगाला मोत्यासारखं चकाकणारं सेल्युलॉइड, कडेला थोडं सुटलेलं. उचलली तर कापराचा वास! जुन्या सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो म्हणे. मी थेट सांगलीच्या गणपतीच्या मांडवात. नानामामा गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून रॉड फिरवायचा आणि आम्ही पोरं पुढे बसून त्याची बोटं बघायचो.

विकणारी बाई म्हणाली, या भागात अशा खूप निघतात. निघणारच, ओआहू कंपनी क्लीव्हलंडचीच. मूळ धंदा हवाईयन गिटारच्या शिकवणीचा आणि पुस्तकांचा, गिटारी दुसऱ्यांकडून बनवून घ्यायचे.

तर तुमच्याकडच्या, पाहिलेल्या, हुकलेल्या, सगळ्या लिहा. खरोखर न मिळणारी कोणती आणि उगाच 'रेअर' म्हणून गळ्यात मारतात ती कोणती?

खटपट्या
रेअर रेअर करणाऱ्याकडून घेऊच नये. गिब्सनची बीआर-9 1947 ते 1959 निघत होती. क्रीम-तपकिरी, दिसायला झकास, पण ढिगाने आहेत. सुप्रोच्या शिकाऊ मॉडेलांचंही तेच. हवाई संगीताचं वेड होतं तेव्हा पोराला क्लास लावला की गिटार घरात यायची. पोरगं कंटाळलं की पलंगाखाली. त्याच आता निघतायत, म्हणून इतक्या चांगल्या अवस्थेत.

रिकनबॅकरची बेकलाइटची (जुनं कडक प्लास्टिक) मॉडेल बी 1935 पासूनची. तीही मिळते, पण दुसऱ्या महायुद्धापूर्वीची हवी तर पट्टी घेऊन जा. तारांवरून कमान करणारं नालेच्या आकाराचं चुंबक दीड इंच रुंद असेल तर जुनी, सव्वा इंच असेल तर नंतरची. त्या पाव इंचाचेच पैसे.

आणि खरी दुर्मिळ म्हणजे केअँडएफ. लिओ फेंडर आणि डॉक कॉफमन यांची भागीदारी 1945-46 पुरतीच टिकली. करडा, सुरकुतलेला रंग. गिब्सनची 1935 ची अ‍ॅल्युमिनियमवालीही तशीच, 1936 मध्ये ते लाकडावर आले.

कोपरखळी
लॅप म्हटल्यावर मी लॅपटॉप समजून आले 😀 आलेच आहे तर विचारते, ते रिकनबॅकरचं 'फ्राइंग पॅन' म्हणतात ते काय प्रकरण आहे?

खटपट्या
1932 ची इलेक्ट्रिक लॅप स्टील, जॉर्ज बीचमच्या डोक्यातून आलेली. ओतीव अ‍ॅल्युमिनियम, गोल तबकडी, लांब दांडा, म्हणून ते नाव पडलं. पेटंट मिळेपर्यंत 1937 उजाडलं, तोवर बाकीच्यांनी इलेक्ट्रिक गिटारी बाजारात आणल्या पण. स्टेजचे दिवे लागले की धातू तापायचा आणि सूर हलायचा. युद्धानंतरही बनत होत्या, त्यामुळे 'फ्राइंग पॅन आहे' एवढ्यावर उडी मारू नका.

कोपरखळी
म्हणजे तवा तापला की सूर करपतो. चला, तिसरी शिट्टी झाली, आले.

माळ्यावरचा
आपल्याकडे हिशेब वेगळा. आपण ज्याला हवाईयन गिटार म्हणतो ती बहुतेक वेळा साधी स्पॅनिशच (नेहमीची, उभी धरून वाजवायची), नटवर (मानेच्या टोकाला तारा टेकतात तिथे) उंच पट्टी बसवून तारा उचललेली. त्यामुळे 'आजोबांची लॅप स्टील विकणे आहे' वाचून गेलो की पोकळ पेटीच निघते. कारखान्यातूनच मांडीवर वाजवायला बनलेली इकडे क्वचित. कलकत्त्यात जास्त शक्यता. 1940 च्या दशकात गिटारवादक ताउ मो आणि त्यांचं कुटुंब हवाईहून येऊन तिथे राहिलं होतं.

नीरजा_ना
कलकत्ता म्हटल्यावर हवाईयन गिटारवाले सुनील गांगुली!! आमच्याकडे एचएमव्हीची एलपी होती. आणि विविध भारतीवर कार्यक्रम लवकर संपला की मध्येच गिटारवर सिनेमाचं गाणं लागायचं, आई म्हणायची ओळखा. बाबा नेहमी चुकीचं सांगायचे आणि वर भांडायचे.

माळ्यावरचा
+१. व्हॅन शिप्लेही घ्या त्यात, आणि हजारा सिंग.

पेडण्याचो
आमचे काका तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला. जपानहून गुयाटोन घेऊन आले, सहा तारांची. जपानात युद्धानंतर हवाईयनची मोठी लाट होती, तिकडे या गुयाटोन आणि टेस्को चिक्कार. आमच्या गावात मात्र एकच, त्यामुळे काकांचा भाव कायम वरचा. लग्नात बोलावणं आलं की आधी जेवणात काय आहे विचारायचे.

तारेवरची
कुणी पिकअपबद्दल (तारांची थरथर पकडणारं चुंबक-वेटोळं) का बोलत नाही? अमेरिकन गिटारवादक राय कूडरने आपल्या स्पॅनिश गिटारला लॅप स्टीलचं जुनं पिकअप बसवलं आणि लोकांनी धडाधड सुप्रो मोडायला घेतल्या. फेंडर चॅम्पियनचे (1949-55) तेच हाल, तिचं पिकअप फेंडरच्याच टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या मागच्या पिकअपचं थोरलं भावंड. कालपर्यंत ढिगाने मिळणाऱ्या गिटारी अशाच कमी होतात. पिकअप काढलेलं धूड मग 'प्रोजेक्ट' म्हणून विकतात. चीड येते.

आणि हो, कूडर म्हणजे तोच, विश्वमोहन भट्टांबरोबर ग्रॅमी घेणारा.

शांतारस
दुर्मिळ म्हणजे महाग असं काही नाही. नॅशनल कंपनीच्या ट्रायकोन (आत धातूचे तीन शंकू असलेल्या गिटारी) घ्या, 1927 पासूनच्या, धातूच्या. चौकोनी मानेची मांडीवर वाजवायची, गोल मानेची उभी धरून. आज उभी धरणारेच जास्त, म्हणून चौकोनी मान स्वस्त. काही महाभाग मान बदलून विकतात, तेव्हा मानेचा सांधा नीट बघा.

वाइसेनबॉर्नचं उलटं. लॉस एंजेलिसच्या, 1920 च्या दशकातल्या, कोआ लाकडाच्या, मानसुद्धा आतून पोकळ. बराच काळ कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. डेव्हिड लिंडली, बेन हार्पर या वादकांनी वाजवली आणि भाव गगनाला.

सोनचाफा
बापरे, किती माहिती! रात्री उघडते. पॉटवर (आवाजाच्या बटणाखालचा भाग) वर्ष ओळखायचे आकडे असतात ना?

खटपट्या
असतात. सहा आकडी असेल तर पहिले तीन कंपनीचे, चौथा वर्षाचा, शेवटचे दोन आठवड्याचे. दशक आपण ओळखायचं. डाग द्यायचं गरम हत्यार त्या मोतीवाल्या आवरणापासून लांब ठेवा, सेल्युलॉइड भपकन पेटतं.

नीरजा_ना
नानामामांची गिटार आहे का अजून?

सोनचाफा
आहे गं. मामेभावाने उंच पट्टी काढून स्पॅनिश करून टाकली, त्याची मुलगी कॉलेजात वाजवते. मी डिसेंबरात येतेय, ही ओआहू न्यावी का मामाला? बॅगेत बसेल?

पेडण्याचो
मोठ्या बॅगेत तिरपी बसते, आधी पट्टीने मोजा. तारा सैल करा. लोखंडी रॉड हातातल्या बॅगेत नको, सुरक्षावाले उघडून बघत बसतात.

कोपरखळी
आणि परत जाताना तीच जागा मेतकुटाला 😄