'सिस्टिम रिझर्व्ह्ड' ड्राइव्हमधील फाइल पुसल्यानंतर संगणक सुरू होत नाही: 'बूटएमजीआर इज मिसिंग'

प्रश्न – गिरगावचा_मुद्रक

नमस्कार. गिरगावात आमचे लग्नपत्रिका आणि कार्यक्रमपत्रिका छापण्याचे छोटे दुकान असून अक्षरजुळणीचे सारे काम एकाच जुन्या संगणकावर चालते. त्यावर विंडोज १० आहे. जुळणीसाठी लागणारे युनिकोडपूर्व काळातील मराठी फॉण्ट, गेल्या सहा-सात वर्षांतील पत्रिकांचे मजकूर आणि गिऱ्हाइकांची यादी हे सर्व त्याच्या सी ड्राइव्हवर आहे.

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या माणसाकडून हार्ड डिस्कची विभागणी बदलून घेतली. तेव्हापासून 'धिस पीसी'मध्ये 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' नावाचा, ५०० एमबीचा, ई हे अक्षर मिळालेला एक नवाच ड्राइव्ह दिसू लागला. तो जवळजवळ भरलेला असल्यामुळे त्याची पट्टी लाल दिसे आणि 'जागा कमी आहे' ही सूचना पडद्याच्या कोपऱ्यात दर थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा येई. ऐन लग्नसराईत प्रूफ तपासताना ही सूचना डोळ्यांपुढे नाचू लागल्यावर माझा संयम सुटला. त्या ड्राइव्हमध्ये आमचे काहीच नाही, तेव्हा तो रिकामा केला की कटकट मिटेल, अशा समजुतीने मी लपलेल्या फाइली दिसतील अशी सोय केली, त्यांची मालकी स्वतःच्या खात्याकडे घेतली आणि 'बूटएमजीआर' नावाची फाइल शिफ्ट दाबून कायमची पुसली. त्यानंतर 'बूट' हे फोल्डर पुसू लागलो, तेव्हा त्यातील 'बीसीडी' ही फाइल वापरात असल्यामुळे पुसता येत नाही, असे उत्तर आले. तेथे मला शंका आली आणि मी हात आवरला. परंतु त्या फोल्डरमधील इतर काही फाइली तोवर गेल्याही असतील.

त्या दिवशी संगणक नेहमीसारखा चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केला, तेव्हा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'बूटएमजीआर इज मिसिंग' आणि त्याखाली कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून पुन्हा सुरू करा, एवढेच आले. कितीही वेळा दाबले तरी तेच येते. जवळच्या एका दुरुस्तीवाल्याने संगणक न उघडताच फॉरमॅट करण्याचा सल्ला दिला. फॉरमॅट न करता ती एक फाइल परत मिळवता येईल काय, आणि सी ड्राइव्हवरील काम शाबूत असेल काय, हे कृपया कोणी जाणकारांनी सांगावे.

उत्तर – काळाघोडा_०७

विंडोज १० मध्ये स्वयंचलित दुरुस्तीची सोय असते. संगणक सुरू होत असतानाच पॉवरचे बटण दाबून धरून तो बंद करावा आणि असे लागोपाठ दोन-तीन वेळा करावे. त्यानंतर निळ्या पडद्यावर दुरुस्तीचे पर्याय आपोआप येतात. माझ्या लॅपटॉपवर हा उपाय लागू पडला होता.

उत्तर – निवृत्त_हार्डवेअरवाला

मुद्रक महोदय, प्रथम आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण झोप त्याच्यामुळेच उडाली असणार. आपण जे पुसले ते ई ड्राइव्हवरचे होते. सी ड्राइव्हला त्याचा धक्काही लागलेला नाही. आपले मजकूर, फॉण्ट आणि यादी जेथे होती तेथेच आहेत. फॉरमॅटचा सल्ला मात्र मुळीच मानू नये. युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये जुळवलेला मजकूर तोच फॉण्ट नसेल तर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो, आणि असे जुने फॉण्ट आज नव्याने मिळवून बसवणे किती जिकिरीचे आहे, हे आपल्या व्यवसायातील माणसाला मी सांगायला नको.

वरच्या सभासदांनी सुचवलेला उपाय एरवी चांगला आहे, परंतु येथे तो चालणार नाही. तो का चालणार नाही, हे कळले की पुढचे सर्व सोपे होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्यासारख्या जुन्या पद्धतीच्या बायोस संगणकात बटण दाबल्यावर बायोस, म्हणजे संगणकाला जागे करणारी मूळ आज्ञावली, डिस्कचा पहिला, ५१२ बाइटचा सेक्टर (डिस्कवरील छोटा कप्पा) वाचते. तो सेक्टर 'ॲक्टिव्ह' अशी खूण असलेल्या पार्टिशनकडे, म्हणजे आपल्या त्या ५०० एमबीच्या ड्राइव्हकडे, बोट दाखवतो. त्या पार्टिशनच्या सुरुवातीचा बूट सेक्टर बूटएमजीआर ही फाइल शोधून तिच्या हाती कारभार देतो. मग बूटएमजीआर बीसीडी नावाची नोंदवही उघडून कोणती विंडोज कोठे आहे ते पाहते आणि सी ड्राइव्हवरील विनलोड या विंडोज चढवणाऱ्या फाइलीला उठवते. विंडोजचा गाभा त्यानंतर चढतो. स्वयंचलित दुरुस्तीचा निळा पडदा आणायचा तोही बूटएमजीआरनेच, आणि आपल्याकडे नेमकी तीच नाही. त्यामुळे बटण तीनदा दाबा की तीसदा, तो पडदा येणे शक्य नाही.

आता पडद्यावरचे वाक्य पुन्हा वाचावे. 'बूटएमजीआर इज मिसिंग' हे वाक्य पार्टिशनच्या बूट सेक्टरमध्येच लिहून ठेवलेले असते. ते पडद्यावर उमटले, याचा अर्थ बायोस, पहिला सेक्टर आणि बूट सेक्टर या तिन्ही पायऱ्या धड आहेत आणि गाडी चौथ्या पायरीवर अडली आहे. आंतरजालावर अशा वेळी बूटरेक या बूट-दुरुस्तीच्या साधनाच्या चार-पाच आज्ञा एकामागून एक चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. जो सेक्टर धड आहे तो पुन्हा कशाला लिहायचा? आपल्याला हवी आहे ती अर्ध्या एमबीहूनही लहान असलेली एक फाइल, आणि तिची मूळ प्रत सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरातील बूट, त्यातील पीसीएटी या फोल्डरात ठेवलेलीच असते. 'बीसीडीबूट' ही आज्ञा तिला तेथून उचलून जागेवर नेऊन ठेवते आणि बूट फोल्डरातील गेलेल्या फाइलीही भरून काढते.

यासाठी विंडोज १० चा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह लागेल. तो कोणाच्याही चालू संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने करता येतो. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा आणि त्यावरचे सर्व पुसले जाते हे ध्यानात ठेवावे. आपला संगणक सुरू करताना बूट मेनूची (संगणक कशावरून सुरू करायचा ते निवडण्याच्या यादीची) कळ दाबावी. ती बनावटीप्रमाणे बदलते, डेल आणि लेनोव्होमध्ये बहुधा एफ १२ असते, एचपीमध्ये एफ ९. मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसला, तर ज्याच्या नावाआधी यूईएफआय (बायोसनंतर आलेली नवी पद्धत) लिहिलेले नाही तो निवडावा. भाषा निवडण्याचा पडदा आला की 'इन्स्टॉल'ला हात न लावता डाव्या कोपऱ्यातील 'रिपेअर युवर कॉम्प्युटर'वर जावे आणि आधी 'स्टार्टअप रिपेअर' करून पाहावे. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते.

न झाल्यास तेथूनच कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टंकण्याची खिडकी, उघडावा. 'डिस्कपार्ट' आणि मग 'लिस्ट व्हॉल्यूम' लिहिले की सर्व ड्राइव्ह नाव, अक्षर आणि आकारासह दिसतात. येथे एक मेख आहे: पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर अक्षरे बदलतात आणि आपला नेहमीचा सी तेथे डी झालेला असू शकतो, म्हणून अक्षरावर न जाता आकारावरून ओळख पटवावी. मग 'एक्झिट' लिहून बाहेर पडावे. डिस्कपार्टमध्ये असताना 'क्लीन' हा शब्द चुकूनही टंकू नये. तो निवडलेल्या डिस्कची सगळी विभागणी पुसतो. समजा विंडोज डी वर आणि तो छोटा ड्राइव्ह सी वर दिसला, तर आज्ञा अशी होईल (टंकताना अर्थातच रोमन अक्षरांत):

बीसीडीबूट डी:\विंडोज /एस सी: /एफ बीआयओएस

या आज्ञेत विंडोज जेथे आहे तो पत्ता आधी येतो आणि फाइली जेथे ठेवायच्या ते अक्षर नंतर.

हे करण्याआधी कामाची नक्कल काढून ठेवावी, आणि त्यासाठी वेगळी कार्यप्रणाली लागत नाही. त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नोटपॅड' लिहावे, फाइल मेनूतील 'ओपन' उघडावे आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडावे. त्या छोट्या खिडकीत सर्व ड्राइव्ह दिसतात आणि उजव्या बटणाने फोल्डर कॉपी करून दुसऱ्या पेनड्राइव्हवर पेस्ट करता येते. मी नोकरीत असताना कित्येक कचेऱ्यांतील हिशेब या नोटपॅडच्या खिडकीतून बाहेर काढले आहेत.

उत्तर – कुर्ला_नेटवर्क

वरील उत्तर नेमके आहे. मी केवळ शेजारच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण शोधत शोधत येथे येणाऱ्या प्रत्येकाने बूटएमजीआरच पुसलेली असेल असे नाही. सिस्टिम३२ या विंडोजच्या मुख्य फोल्डरातील एखादी फाइल गेली असेल, तर बूटएमजीआर व्यवस्थित चढते आणि निळ्या पडद्यावर हरवलेल्या फाइलीचा पत्ताच बहुधा छापते. अशा वेळी बीसीडीबूटचा उपयोग होत नाही. त्याच कमांड प्रॉम्प्टमधून 'एसएफसी /स्कॅननाऊ' ही आज्ञा 'ऑफबूटडिर' आणि 'ऑफविनडिर' या जोडांसह द्यावी लागते, म्हणजे ती पेनड्राइव्हवरील विंडोज न तपासता डिस्कवरील विंडोज तपासते. हे जोड विसरल्याने 'काहीच सापडले नाही' म्हणून निराश झालेले लोक मी पाहिले आहेत.

आणखी एक. रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीची, फाइल बिघडली असेल, तर 'रेगबॅक' फोल्डरातील प्रत जागेवर ठेवण्याचा जुना उपाय आजही सगळीकडे सांगितला जातो. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, तेथे आपोआप प्रत ठेवणे बंद झाले आहे. फाइली दिसतात, पण त्यांचा आकार शून्य असतो. शून्याची फाइल खऱ्या फाइलीवर चढवली, तर जे वाचण्याजोगे होते तेही जाते. आकार पाहिल्याशिवाय तो उपाय करू नये.

उत्तर – गिरगावचा_मुद्रक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री बहिणीच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह तयार केला आणि आज दुकान उघडण्यापूर्वी बसलो. आधी नोटपॅडच्या खिडकीतून पत्रिकांचे फोल्डर आणि फॉण्ट बाहेर काढले. नक्कल चालू असताना पडद्यावर किती झाले हे दाखवणारी पट्टी येत नाही, त्यामुळे संगणक अडकला असे वाटून मी दोनदा बंद करण्याच्या बेतात होतो. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता म्हणून थांबलो.

'स्टार्टअप रिपेअर'ने दुरुस्ती करता आली नाही असे कळवले. मग बीसीडीबूट दिले, तर तीही आज्ञा फसली. आपण एवढे बजावूनही मी सवयीने विंडोजचा पत्ता 'सी' असाच दिला होता काय, अशी मला शंका आहे. 'लिस्ट व्हॉल्यूम'मध्ये ५०० एमबीसमोर सी आणि ४६५ जीबीसमोर डी दिसत आहे.

उत्तर – निवृत्त_हार्डवेअरवाला

शंका बरोबर आहे. सी वर आता विंडोज फोल्डरच नाही, तेव्हा आज्ञेला उचलायला काही सापडले नाही. बिघडले मात्र काहीच नाही. वर लिहिलेली आज्ञा आपल्या बाबतीत अक्षरशः तशीच लागू आहे. डी नंतर अपूर्णविराम आणि त्याला लागूनच उलटी तिरकी रेघ येते. एस आणि एफ यांच्या आधी साधी तिरकी रेघ, आणि तिच्याआधी एक जागा सोडायची.

संगणक सुरू झाला, तरी एक काम उरते. त्या ड्राइव्हला अक्षर आहे तोवर जागा कमी असल्याची सूचना येतच राहणार. स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी मारून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे, ५०० एमबीच्या पार्टिशनवर 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' घ्यावे आणि ते अक्षर फक्त काढून टाकावे. पार्टिशन तेथेच राहू द्यावे, 'डिलीट व्हॉल्यूम'कडे वळू नये. बूट होण्यासाठी त्याला अक्षर लागत नाही.

उत्तर – गिरगावचा_मुद्रक

'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' अशी ओळ आली. पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला आणि नेहमीचा पडदा आला. मजकूर उघडून पाहिले, फॉण्टही जागेवर आहेत. ई हे अक्षर काढून टाकले आहे. अडीच तास झाले, चार पत्रिकांची प्रुफे निघाली आणि ती सूचना अद्याप एकदाही आलेली नाही.