प्रतिसाद : तपासणी नोंदणीच्या आधी

नवी गाडी घेताना डिलिव्हरीच्या दिवशी ती बारकाईने तपासा, असा सल्ला दिला जातो. तो चांगला असला तरी त्याला उशीर झालेला असतो. तोवर आरटीओत नोंदणी तुमच्या नावावर झालेली असते. मग दारावर पुन्हा मारलेला रंग दिसला, तरी शोरूम फार तर पॉलिश करून देणार, गाडी बदलून नाही. म्हणून पूर्ण पैसे भरण्याआधी आणि विमा, नोंदणी व्हायच्या आधीच शोरूमच्या यार्डात, म्हणजे नव्या गाड्या ठेवतात त्या जागी, जाऊन गाडी बघायची, तीही दिवसाउजेडी. बुकिंग करतानाच ही अट लेखी घ्या. शोरूम यार्ड दाखवायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबावं.

तिथे १७ अक्षरी चासी नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या ओळख क्रमांकाचा, फोटो काढा. बहुतेक कंपन्यांत दहावं अक्षर उत्पादनाचं वर्ष सांगतं : R म्हणजे २०२४, S म्हणजे २०२५. महिन्याचा संकेत कंपनीगणिक वेगळा. टायरवरच्या उत्पादन-कोडचे शेवटचे चार आकडेही बघा, ३५२४ म्हणजे २०२४ चा ३५ वा आठवडा. स्टेपनी विसरू नका. नंतर फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या प्रमाणपत्रावर, तोच चासी नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष आहे ना, हे कागदांवर सही करण्याआधी जुळवा. वर्षअखेरीला हे फार महत्त्वाचं, कारण पुढे विकताना भाव ठरवताना उत्पादनाचं वर्षही पाहिलं जातं.